चौकट बंद करू नका, खातं बदला – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत म्हणून सगळी एकत्र घेतेय. ऑफिसातला सर्व्हर एकीकडे, आपण दुसरीकडे, मधे कधी फायबर तर कधी मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि काम करता करता स्क्रीनवर ती चौकट येते, परवानगी द्यायची का, पासवर्ड टाका, हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही तरी जोडू का. जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय की ही चौकट बंद कशी करायची. माझं म्हणणं सगळ्यांना एकच आहे, चौकट राहू द्या, तुम्ही ज्या खात्याने आत शिरताय ते खातं बदला. ते कसं, ते पहिल्या उत्तरात सविस्तर लिहिलंय, बाकीच्यांनीही तेवढं वाचाच.

देवगडहून एक आंबा बागायतदार : ताई, आमच्या पॅकिंग हाऊसच्या ऑफिसात एक विंडोज सर्व्हर आहे, त्यावर हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि पेट्यांच्या नोंदी. सीझनला मी वाशी मार्केटला असतो, तिथून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जातो, मुलगा घरून जातो आणि ऑफिसातली दोन मुलं पण. सगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावानेच लॉगिन करतो, पासवर्ड एकच. मधे मुलाने माझ्या नावाचं वेगळं अ‍ॅडमिन खातं करून दिलं तर सारखी स्क्रीन अंधारी होऊन विचारायला लागली, म्हणून पुतण्याने सेटिंगमधली पट्टी तळाला ओढून ते बंद करून टाकलं. आता त्रास नाही. पण एक ओळखीचे म्हणाले हे धोक्याचं आहे. खरं काय?

काका, ओळखीचे बरोबर बोलले. ती चौकट म्हणजे युझर अकाउंट कंट्रोल, सगळे यूएसी म्हणतात, विंडोज व्हिस्टापासून म्हणजे २००७ पासून ती आपल्याकडे आहे. त्याआधी एक्सपीच्या काळात घरोघरी लोक अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचे आणि कुठलाही प्रोग्राम काहीही करू शकायचा. व्हिस्टाने काय केलं तर अ‍ॅडमिन गटातलं माणूस लॉगिन झालं की त्याला दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे परवाने, दिली, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. रोजचं सगळं, ब्राउझर, एक्सेल, मेल, साध्या टोकनवर चालतं, आणि एखाद्या प्रोग्रामला सिस्टीममध्ये हात घालायचा असेल तेव्हाच चौकट येते, येस म्हटलंत तरच पूर्ण अधिकार मिळतात. म्हणून तुमच्या नावाच्या खात्यावर ती दिसायला लागली. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं जे विंडोजचं स्वतःचं खातं असतं त्याला ही वागणूक लागूच नाही, मुद्दाम पॉलिसी चालू केली नाही तर त्या खात्यावरचं सगळंच पूर्ण अधिकाराने चालतं, विचारणं नाही काही नाही. तुम्ही चौघं रोज त्याच खात्याने जाताय. म्हणजे ऑफिसातल्या मुलाने सर्व्हरवर ब्राउझर उघडून कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या नावाने आलेली अटॅचमेंट उघडली तर त्या फाईलला पहिल्या क्षणापासून सर्व्हरची सगळी मुभा, अँटिव्हायरस बंद करण्यापासून बॅकअप पुसण्यापर्यंत. आणि तुमच्या नावाच्या खात्यावर पट्टी तळाला असल्यामुळे तिथेही तेच होणार, चौकट न दाखवता येस गृहीत धरलं जातं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ‘पट्टी परत वर करा’ एवढंच सांगून मी थांबले तर ते अर्धवट होईल. अ‍ॅडमिनला दाखवलेली ही येस-नो चौकट म्हणजे सुरक्षेची पक्की भिंत नव्हे असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणते, तिला बगल देणारे प्रोग्राम असतात. खरी भिंत आहे ती साधं खातं आणि अ‍ॅडमिन खातं यांच्यामधली. त्यामुळे पट्टी वर कराच, मधल्या दोनांतल्या वरच्या खुणेवर, जिथे ती मुळात असते, पण खरं काम खात्यांचं आहे.

तुम्ही, मुलगा आणि ऑफिसातले दोघं, चौघांची चार साधी खाती करा, ज्याच्या त्याच्या नावाने, ज्याचा त्याचा पासवर्ड. ही खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात घालायची नाहीत, रिमोट डेस्कटॉप युझर्स नावाचा एक गट असतो त्यात घालायची, बाहेरून लॉगिन व्हायला तेवढं पुरतं. बऱ्याच जणांना वाटतं की रिमोटने यायचं तर अ‍ॅडमिन असावंच लागतं, तसं अजिबात नाहीये. मग मुलाच्या नावाने एक पाचवं खातं, अ‍ॅडमिन गटातलं, ते फक्त अपडेट टाकायला, प्रिंटर बसवायला, नवीन सॉफ्टवेअर घालायला, काम झालं की साइन आउट, त्यावरून मेल बघायची नाही की हिशोब लिहायचा नाही. साध्या खात्यावर असताना चौकट आली तर ती नुसतं येस-नो विचारणार नाही, अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड मागेल, आणि ऑफिसातल्या मुलाकडे तो नसल्यामुळे त्याला तुमच्या मुलाला फोन करावा लागेल. तो फोन येणं हाच तर फायदा आहे! कुणीतरी दोन मिनिटं थांबून विचारतंय की हे का मागतंय. तुमचं आत्ताचं अ‍ॅडमिन खातं मात्र गटातून काढून टाका, काका, मालक म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

मूळच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला लांबलचक नवा पासवर्ड द्या, कागदावर लिहून कपाटात ठेवा, आणि मुलाच्या नव्या अ‍ॅडमिन खात्याने सगळं नीट चालतंय हे दोनदा बघून मगच लोकल सिक्युरिटी पॉलिसीत त्या जुन्या खात्याला रिमोट डेस्कटॉपवरून यायला मनाई करा. क्रम उलटा केलात तर वाशीतून देवगडला यावं लागेल.

हे केल्यावर बहुधा एक अडचण येईल, हिशोबाचं सॉफ्टवेअर साध्या खात्यावर रुसेल, डेटा सेव्ह होत नाही म्हणेल. जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्येच ठेवतात आणि तिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही. अशा वेळी लोक वैतागून परत सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकतात. तसं नको. डेटाचा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा, सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवा आणि त्या एका फोल्डरवर चौघांना मॉडिफायची परवानगी द्या. तरीही अडलं तर सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, त्यांना हा प्रश्न नवीन नसतो.

शिवाय तुम्ही लिहिलं नाहीत पण विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच रिमोट सेशन मिळतात आणि ती सर्व्हर सांभाळण्यासाठी दिलेली असतात, रोजच्या कामाला चौघांनी यायचं तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवून त्याची वेगळी लायसन्स घ्यावी लागतात. ती मर्यादा तोडणाऱ्या फुकटच्या फाइली नेटवर मिळतात. त्या सर्व्हरवर टाकू नका, कोणी बनवलीय हे माहीत नसलेली फाईल अ‍ॅडमिन अधिकाराने सिस्टीममध्ये घालायची म्हणजे सगळ्यावर पाणी. आणि हे सगळं पावसाळ्यात करून घ्या, बागेचं काम हलकं असताना. मार्चमध्ये पेट्या निघायला लागल्या की कुणालाच वेळ नसतो आणि मग तोच जुना पासवर्ड परत चार जणांत फिरतो.

चिपळूणच्या एका पतसंस्थेतून : २०२१ च्या जुलैच्या पुरात आमचे खालच्या मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर गेले, तेव्हापासून सर्व्हर वरच्या मजल्यावर आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस लांबून एनीडेस्कने येतो. यूएसीची चौकट आली की त्याला तिकडे काहीच दिसत नाही, मग तो म्हणतो मॅडम ते कायमचं बंद करून टाका नाहीतर मला काम करता येणार नाही. मॅनेजर म्हणतात करा. मी करू का?

ताई, नका करू, आणि मॅनेजरना हे उत्तर दाखवा. चौकट येताना मागची स्क्रीन जी अंधारी होते तो नुसता दिखावा नाहीये, विंडोज त्या वेळी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर जाते जिथे बाकीच्या प्रोग्रामना बघताही येत नाही आणि बटणही दाबता येत नाही. कारण उघड आहे, एखादा व्हायरस स्वतःच चौकट उघडून स्वतःच येस दाबू शकला तर विचारण्यात अर्थ काय राहिला. तुमच्या माणसाचं एनीडेस्क साध्या अधिकाराने चालत असल्यामुळे त्यालाही ती दिसत नाही. म्हणजे बिघाड काहीच नाही, जे व्हायला हवं तेच होतंय.

वाट आहे. त्याचं काम चालू असताना तुम्ही समोर बसा, चौकट आली की प्रोग्रामचं नाव आणि खाली प्रकाशकाचं, म्हणजे पब्लिशरचं नाव वाचा, तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं असेल आणि चौकटीचा वरचा पट्टा निळा असेल तर त्याला फोनवर विचारून तुम्ही येस दाबा. पट्टा पिवळा असेल, पब्लिशर अननोन असेल, तर नो दाबा आणि त्याला कारण विचारा. हे रोज झेपणारं नसेल तर एनीडेस्क रीतसर इन्स्टॉल केलं, नुसती डाउनलोड केलेली फाईल डबल क्लिक करून न चालवता, तर त्याला चौकट दिसते, म्हणजे यूएसी बंद करायची गरजच उरत नाही. मात्र इन्स्टॉल केलंत तर कुणी समोर नसताना आत येण्याचा जो पासवर्ड असतो तो ठेवू नका, प्रत्येक वेळी इकडून कुणीतरी अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय कुणी आत येता कामा नये.

आणि त्या माणसाला तुमच्या खात्यावर काम करू देऊ नका. त्याच्या कंपनीच्या नावाने वेगळं अ‍ॅडमिन खातं करा, एरवी ते डिसेबल ठेवा, त्याचा फोन आला की चालू करा, काम संपलं की परत बंद. सर्व्हरवर दोन क्लिकचं काम आहे. म्हणजे उद्या काही गडबड झाली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बघता येतं की कोणतं खातं किती वाजता आलं, ४६२४ नंबरची नोंद म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे प्रयत्न फसला. सगळेच एका नावाने येत असतील तर या नोंदींचा काही उपयोग नाही, आणि पैशाच्या संस्थेत मग संशय कुणावरही येतो, बहुतेक वेळा समोर बसणाऱ्या क्लार्कवर. तुमच्यासाठी मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायची आणि लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे, असे २८ एप्रिल २०२२ चे त्यांचे निर्देश आहेत, ते मॅनेजरनी वाचून घ्यावेत. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार लहान असतो, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, तो आकार वाढवा आणि महिन्याला एक कॉपी बाहेर काढून ठेवा. अजून एक, ओळख नसलेल्या माणसाचा फोन आला की ‘सर्व्हरला प्रॉब्लेम आहे, एनीडेस्क चालू करा’, तर फोन ठेवा आणि तुमच्या डायरीतल्या नंबरवर कंपनीला स्वतः फोन लावा. अशा अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

वेंगुर्ल्याचा एक काजू कारखानदार : संगणकातला माका फारसा कळणा नाय, सोप्या भाषेत सांगा. कारखान्यातल्या सर्व्हरवर माझं अ‍ॅडमिन खातं आहे, रिमोट डेस्कटॉपने जाता येतं, पण घरच्या लॅपटॉपवरून नेटवर्कमधून सर्व्हरची सी ड्राइव्ह उघडायला गेलो की अ‍ॅक्सेस डिनाइड. तेच नाव तोच पासवर्ड. नेटवर एक रजिस्ट्रीचा उपाय मिळाला, करू काय?

नको. सर्व्हरवरचं लोकल अ‍ॅडमिन खातं नेटवर्कमधून आलं की विंडोज त्याचे जास्तीचे अधिकार काढून घेते आणि साध्या टोकनवर आत घेते, तिथे चौकट दाखवायची सोय नसते म्हणून सरळ नाही म्हणते. रिमोट डेस्कटॉपने तुम्ही जणू सर्व्हरसमोरच बसता म्हणून तिथे चालतं. तो रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातला उपाय, लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी या सेटिंगला १ हा आकडा द्या असा असणार, हा अटकाव पूर्ण काढून टाकतो, मग एका मशीनचा पासवर्ड चोरणाऱ्याला तोच पासवर्ड असलेल्या सगळ्या मशीन मोकळ्या. तुम्हाला खरं तर सी ड्राइव्ह नकोच असणार, त्यातला एखादा फोल्डर हवा असेल. तो फोल्डर शेअर करा, साध्या खात्याला परवानगी द्या, झालं.

मालवणहून : नमस्कार ताई, मी घरचा होमस्टे बघत पुण्याच्या कंपनीचं काम करते, लिनक्स सर्व्हर आहेत. परवा लॉगिन करताना रिमोट होस्टची ओळख बदललीये असा मोठा इशारा आला. सिनियर म्हणाला ती ओळ डिलीट कर आणि पुढे जा. दुसरं म्हणजे रात्री फोनवर लॉगिन अप्रूव्ह करा असं एकामागून एक येत राहतं, झोपेत कधीतरी चुकून दाबलं जाईल.

आधी दुसरं, कारण ते तातडीचं आहे. तू लॉगिन करत नसताना अप्रूव्हल येतंय म्हणजे तुझा पासवर्ड कुणाकडे तरी आहे, तो तिकडे यशस्वी झाल्याशिवाय फोनवर काही येतच नाही. आजच्या आज पासवर्ड बदल, कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यांना कळव, आणि परत आलं तर डिनाय. वैतागून कधीतरी हो म्हणेल यावरच समोरचा टपलेला असतो, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उबरमध्ये असंच शिरले, एका कंत्राटी माणसाला सारख्या रिक्वेस्ट येत राहिल्या आणि त्याने शेवटी एक स्वीकारली. आत गेल्यावर तिथल्या एका स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड तसाच लिहिलेला सापडल्याचंही समोर आलं होतं, तेव्हा तुमच्या स्क्रिप्ट पण एकदा बघा. कंपनी नुसत्या अप्रूव्हवर असेल तर स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकायचा प्रकार सुरू करायला सांग, मायक्रोसॉफ्टने तर त्यांच्या ऑथेंटिकेटरला तो मे २०२३ पासून सक्तीचाच केलाय.

आता पहिलं. एसएसएचने, म्हणजे लिनक्स सर्व्हरवर लांबून जायच्या सोयीने, तू पहिल्यांदा सर्व्हरला जोडलंस तेव्हा त्याची ‘की’, म्हणजे ओळखीची किल्ली, तुझ्या लॅपटॉपवर नोन होस्ट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवली गेली. आता समोरून वेगळी की येतेय. सर्व्हर नव्याने बसवला असेल किंवा त्याचा पत्ता दुसऱ्या मशीनला दिला असेल तर असं होतं, पण मधे कुणीतरी बसून तुझं बोलणं ऐकत असेल तरीही अगदी हेच दिसतं, दोन्हींत फरक तुला स्क्रीनवरून कळणार नाही. म्हणून ओळ काढायच्या आधी सिनियरला एवढंच विचार की सर्व्हर कधी आणि कुणी बदलला, आणि नवीन ‘की’चा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, क्लाउडच्या कन्सोलमधून किंवा फोनवरून मिळव. जुळलं तर एसएसएच-कीजेनने जुनी नोंद काढ, पुढे जा. होमस्टेच्या पाहुण्यांचं आणि तुझं वायफाय एकच असेल तर ते आधी वेगळं कर, बहुतेक राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते.

रूटने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकार असलेल्या खात्याने, थेट लॉगिन चालू असेल तर तेही बंद करायला सांग, आपल्या नावाने यायचं आणि लागेल तेव्हा सुडो, म्हणजे तेवढ्या कामापुरते अधिकार मागणारी कमांड. सुडो पासवर्ड एकदा घेतला की थोडा वेळ परत विचारत नाही, उबुंटूवर साधारण १५ मिनिटं, तेवढ्यात चहाला उठायचं असेल तर टर्मिनल बंद करून जा.

अलिबागहून : ऑफिसच्या राऊटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ उघडा होता, मी तो बदलून दुसरा आकडा दिला. आता सुरक्षित ना?

नाही. सगळे पोर्ट, म्हणजे आत यायचे नंबर दिलेले दरवाजे, तपासणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, आकडा बदलल्याने फक्त गर्दी थोडी कमी होते. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची खोट सापडली ती याच सेवेत होती, पासवर्ड न लागता आत शिरता येईल अशी, इतकी गंभीर की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीलाही दुरुस्ती दिली. राऊटरवरचा तो पोर्ट पूर्ण बंद करा आणि आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप अशी रचना करा. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन फुकट आहे. मोबाईल इंटरनेटवर स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, सहसा मिळत नाही त्यामुळे तिथे टेलस्केलसारखं तयार व्हीपीएन सोपं पडतं. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची, म्हणजे सेशन उघडण्याआधीच पासवर्ड तपासायची, खूण काढलेली असेल तर परत लावा. जोडताना सर्टिफिकेटची ओळख पटत नाही अशी जी चौकट येते ती सर्व्हरने स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटमुळे येते, ऑफिसात असताना एकदा सर्व्हरवरच जाऊन त्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे ओळखीचा आकडा, लिहून घ्या आणि बाहेरून पहिल्यांदा जोडताना ताडून बघा, जुळला तरच परत विचारू नका वर खूण करा. न बघता खूण करायची नाही.

गुहागरहून : आमच्याकडे लाइट गेली की राऊटर बंद, रिमोट डेस्कटॉप तुटतो. अर्धवट राहिलेलं काम सर्व्हरवर तसंच उघडं राहतं का? दुसऱ्या कुणाला दिसेल का?

हो, तसंच राहतं. सर्व्हरला तुम्ही डिसकनेक्ट झालात एवढंच कळतं, सेशन आणि त्यातले प्रोग्राम चालूच राहतात, अ‍ॅडमिन अधिकाराने उघडलेली खिडकीसुद्धा. साध्या खात्याला तुमचं सेशन बघता येत नाही, पण सर्व्हरवर दुसरं कुणी अ‍ॅडमिन असेल तर त्याला त्यात शिरण्याचे मार्ग आहेत. लाइट आल्यावर परत जोडा आणि फुलीवर क्लिक करून न जाता स्टार्टमधून साइन आउट करा, फुली म्हणजे पण डिसकनेक्टच. ग्रुप पॉलिसीत डिसकनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा घालता येते, अ‍ॅडमिन खात्यांना मी अर्धा-एक तास ठेवते, हिशोब लिहिणाऱ्यांना जास्त, कारण आपल्याकडे जूनमध्ये लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो आणि त्यांची न सेव्ह केलेली व्हाउचर जाऊ नयेत. राऊटरला छोटा यूपीएस लावा, खर्च फार नाही.

पत्र पाठवताना विंडोजचं व्हर्जन, खातं साधं की अ‍ॅडमिन, आणि चौकटीतला मजकूर जसाच्या तसा लिहा, फोटो काढून पाठवलात तर उत्तमच. पासवर्ड मात्र पाठवू नका. या वेळी काही पत्रांत ते आलेत, मी ती पत्रं छापलेली नाहीत आणि पुसून टाकलीत, पण ज्यांनी पाठवले त्यांनी ते आजच बदलावेत.